आहेराच्या साडीचं काय करायचं?



फास्ट फॅशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहरातला मॉल, गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणि कॉलेजच्या मुली येतात. "हे पोरींचं खूळ, आपला काय संबंध" असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मला हे पटत नाही. आमच्या देवगाव रंगारीसारख्या गावात फास्ट फॅशन मॉलमधून आली नाही, आहेराच्या पिशवीतून आली. आणि ती आणली चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी.

लग्न ठरलं की आपण काय करतो? घाऊक दुकानात जातो आणि सांगतो, "देण्याघेण्याच्या साड्या दाखवा." तीनशे-साडेतीनशेवाल्या. दुकानदार सुरतेचा गठ्ठा सोडतो, डिझाइन एकच आणि रंग आठ. आपण हात लावूनही बघत नाही, कारण नेसणार कोणीच नाही हे दुकानदारालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. पन्नास उचलायच्या, पन्नास पिशव्या भरायच्या. घेणारी हसून घेते, घरी नेऊन दिवाणात टाकते आणि पुढच्या लग्नात काढून दुसरीला देते. आमच्या नात्यात एक मोरपंखी साडी चार लग्नं फिरून जिथून निघाली त्याच घरी परत आली. पिशवीत खाली जुनी चिठ्ठी राहिली होती म्हणून ओळखली, नाहीतर अजून फिरत असती.

झटपट बनवायचं, स्वस्तात विकायचं आणि लवकर टाकायचं, एवढाच फास्ट फॅशनचा अर्थ. कॉलेजची मुलगी स्वस्तातला टॉप निदान पाच-सहा वेळा घालते. आपली आहेराची साडी अंगाला न लागताच कचरा होते. मग पुढे कोण गेलं, सांगा.

आपल्या आचार्यांनी वस्तूंची एक साधी विभागणी केलेली आहे. समंतभद्र स्वामींच्या रत्नकरंडक श्रावकाचारात भोग आणि उपभोग वेगळे सांगितलेत. एकदा वापरला की संपला तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरायचा तो उपभोग, जसं वस्त्र. पाठशाळेत आपण हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. आता आपल्या कपाटाकडे बघा. एका विधानाला नेसलेली साडी दुसऱ्या विधानाला चालत नाही, कारण फोटो गेलेत, सगळ्यांनी पाहिलीय. म्हणजे वस्त्र उपभोगातून निघून भोगात जाऊन बसलं. जेवणाच्या ताटासारखं, एकदा झालं की उष्टं. भोगोपभोग परिमाण व्रत घेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी हिरव्या भाज्या मोजतात, रस मोजतात, ताटात किती पदार्थ घ्यायचे ते मोजतात. साड्या मोजणारी मी अजून पाहिली नाही.

आणि मोजायला सांगितलेलं नाही असंही नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह परिमाणाचे अतिचार येतात, तिथे जमीन, घर, चांदी, सोनं, धन, धान्य, दासी, दास यांच्यानंतर शेवटी 'कुप्य' असा शब्द आहे. पूज्यपाद स्वामींनी सर्वार्थसिद्धीत कुप्यामध्ये सुती-रेशमी वस्त्रं आणि चंदन वगैरे धरलंय. स्थानकवासी मैत्रिणी रोज चौदा नियम धरतात, त्यातही वस्त्राचा नियम आहेच. सोन्याचा तोळा न् तोळा आपल्याला तोंडपाठ असतो. कुप्याच्या वेळी मात्र आपण हसून विषय बदलतो.

आता पाण्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नाही. दुहेरी जाड सुती गाळणं लागतं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, नंतर पुन्हा गाळायचं. आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी फेकायची नाही, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडायची. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवाची एवढी काळजी घेणारं दुसरं स्वयंपाकघर मला माहीत नाही. पण आपण आहेरात वाटतो ती साडी पॉलिएस्टरची असते, आणि पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासून बनवलेलं प्लास्टिक. ते कापड धुतलं की त्यातून डोळ्यांना न दिसणारे बारीक धागे सुटतात. मोरीतून नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून शिवनेत आणि शिवनेतून गोदावरीत. छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी गोदावरीवरच्या जायकवाडीतून उचलतात, हे आपण जाणतोच. प्लास्टिक कुजत नाही, फक्त आणखी बारीक होतं. त्याचे सूक्ष्म कण मिठात सापडलेत, माशांच्या पोटात सापडलेत, २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना माणसाच्या रक्तातही सापडले. जगात दरवर्षी जेवढा धागा तयार होतो त्यातला निम्म्याहून अधिक आज पॉलिएस्टरचा आहे. वरच्या बाजूला आपण गाळण्याने जीव वाचवतो आणि खालच्या बाजूला मोरीतून त्याच जीवांच्या घरात प्लास्टिक सोडतो. आपलं गाळणं कितीही दुहेरी असलं तरी त्या कणांना अडवणार नाही.

रंगाचंही तेच. आमच्या गावाच्या नावातच रंगारी आहे, कापड रंगवणारा. कधीकाळी आपल्या मुलखात नीळ, आल, करडईची फुलं असे रंग वापरात होते. म्हणून जुनं ते सगळं निष्पाप होतं असं मी म्हणणार नाही. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांत लाक्षावाणिज्य येतं, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचं वर्णन करताना लाखेबरोबर निळीचं नावही घेतलंय. म्हणजे रंगाच्या हौदात किती जीव जातात हा विचार आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी झालेला आहे. तेव्हा हौद घराएवढा होता. आता तो नदीएवढा झाला.

तमिळनाडूतल्या तिरुपूरचं उदाहरण घ्या. आपल्या मुलांचे टी-शर्ट, बनियन बहुतेक तिथलेच. तिथल्या रंगकामाच्या कारखान्यांनी नोय्यल नदीत एवढं रंगीत, खारट पाणी सोडलं की खालच्या ओरत्तुपालयम धरणाचं पाणी शेताला देण्याच्या लायकीचं राहिलं नाही. शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायला लावले. आपल्या इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेच्या सांडपाण्यावरून पंचगंगेच्या काठी वर्षानुवर्षं आंदोलनं चाललीत. आणि सांगानेर? जयपूरला गेलो की संघीजींच्या मंदिराचं दर्शन घेऊन आपण सगळ्या हमखास छापील सुती कापड घेतो, "हातछपाई आहे हं" असं कौतुकाने सांगतो. त्याच सांगानेरच्या रंगाई-छपाईचं पाणी कित्येक वर्षं अमानीशाह नाल्यात, म्हणजे जुन्या द्रव्यवती नदीत जात राहिलं. म्हणून सुती घेतलं की सुटलो असंही नाही. रेयॉनच्या कुर्त्या लाकडाच्या लगद्यापासून बनतात, तेव्हा वनस्पतीजन्य म्हणून चांगल्या, असं एकीने मला सांगितलं. त्या लगद्याचा धागा काढायला कार्बन डायसल्फाइड वापरतात आणि ते तिथे काम करणाऱ्यांच्या मज्जातंतूंना बाधतं, हे दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

कापसाबद्दल एक आकडा सगळीकडे सांगितला जातो, एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी. आमच्या कन्नड तालुक्यातल्या कोरडवाहू कपाशीला तो जसाच्या तसा लावू नये असं मला वाटतं. ती बिचारी पावसाच्या भरवशावर उभी असते. तिचं दुखणं वेगळं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली, ज्या अळीपासून वाचवायला २००२ पासून बीटी बियाणं आणलं होतं तीच अळी. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास वेचणीला जाणाऱ्या बायकांचे हात बघा, बोंडाच्या काट्यांनी ओरखडलेले असतात. कापड स्वस्त आहे याचा अर्थ त्याची किंमत कोणीतरी आधीच भरलेली आहे.

ढाक्याजवळ सावर इथे २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं त्या दिवशी बंद ठेवली गेली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं, कारण परदेशातल्या ऑर्डरची तारीख जवळ आली होती. १,१३४ माणसं गेली, त्यात बायका जास्त. आपल्या देशातही तमिळनाडूच्या सूतगिरण्यांमध्ये 'सुमंगली' नावाची पद्धत चालत आली. गरीब घरच्या मुलींनी तीन वर्षं गिरणीच्या वसतिगृहात राहून राबायचं, बाहेर जाण्यावर बंधनं, आणि शेवटी एकरकमी पैसे, ते हुंड्याला. नाव बघा किती मंगल ठेवलंय. एकीच्या हुंड्यासाठी कातलेलं सूत दुसरीच्या आहेरात.

"पण आपण तर काही केलं नाही ना, फक्त विकत घेतलं," असं म्हणण्याची सोय आपल्याला नाही. संरंभ, समारंभ, आरंभ. मन, वचन, काय. कृत, कारित, अनुमोदना. आणि चार कषाय, यांचा गुणाकार १०८ होतो. माळेत मणी तेवढे का, याचं हे उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कृत कोणाचं का असेना, कारित आणि अनुमोदना तर खरेदी करणाऱ्याची असतेच. मांसाच्या बाबतीत आपण हा नियम किती कडक लावतो! केकमध्ये अंडं आहे का हे दहादा विचारतो. साडीच्या दुकानात एकदाही काही विचारत नाही.

रेशमाचा प्रश्न आपल्यात जुना आहे. कोश उकळल्याशिवाय अखंड धागा निघत नाही आणि एका साडीला हजारो कोश जातात. कित्येक घरांत पूजेला रेशीम चालत नाही ते याचसाठी. हैदराबादच्या कुसुम राजय्यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशापासून कापड विणण्याची पद्धत बसवली, ते अहिंसा रेशीम म्हणून विकतात. नवी पैठणी मी घेणार नाही, हे माझं ठरलेलं आहे. पण आजेसासूबाईंची पैठणी फेकून देण्यात अहिंसा आहे असंही मी मानत नाही. तिच्यासाठी जे जीव गेले ते गेले. आता ती साठ वर्षं नेसली जाते की दोन, एवढंच आपल्या हातात आहे. काही जणींना हा युक्तिवाद पटत नाही, त्यांचा नियम माझ्यापेक्षा कडक आहे आणि मी त्यांना नमस्कार करते.

कपडा संपायचा कसा, हेही आपल्या आयांना माहीत होतं. सुती लुगडं आधी बाहेर नेसायचं, मग घरात. विरलं की त्याची दुपटी, लंगोट, उरलेल्याचं गाळणं किंवा पोतेरं, आणि धडके तुकडे गोधडीत. त्यातूनही वाचलं तर बोहारीण होती. पाच साड्यांवर एक पातेलं, आणि तिच्याशी अर्धा तास घासाघीस. तिने नेलेल्या कपड्याला पुढे कोणीतरी नेसणारं होतं. मागच्या उन्हाळ्यात दारावर आलेल्या मावशीपुढे मी घरातल्या आहेराच्या साड्या ठेवल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. तिने बोटांनी चुरगाळून पाहिल्या आणि म्हणाली, "ताई, हे नको. सुती असंल तर दे. याला गिऱ्हाईक नाही, पुसायलाबी कामी येत नाही." खरंच आहे, पॉलिएस्टर पाणी शोषत नाही. गोधडीत घातलं तर घाम येतो. चुलीजवळ नेसावं तर भीती, पेट घेतला की वितळून अंगाला चिकटतं. नवी कोरी साडी, आणि बोहारीणही नेईना!

मोठ्या देशांतही तेच चाललंय, फक्त ढीग मोठा. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात नको असलेल्या कपड्यांचे डोंगर पडलेत. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांटामांटो बाजारात दर आठवड्याला परदेशातले जुने कपडे गठ्ठ्यांनी येतात, त्यातले बरेच विकण्याजोगे नसतात. आपल्या पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांची स्वस्त ब्लँकेटं करतात, ते एक बरं. आपली आहेराची साडी कुठल्याच रांगेत बसत नाही.

"दान करू" हे आपलं ठरलेलं उत्तर. पूर आला, अनाथाश्रमाचा फोन आला की आपण पिशव्या भरतो. उत्तम त्याग म्हणजे घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं नव्हे. आपल्याला नेसवत नाही ती साडी दुसरीला का बरं आवडावी?

एक आक्षेप खरा आहे, तो टाळत नाही. आमच्या शेतावर येणाऱ्या बाईला याच स्वस्त कापडामुळे सणाला नवी साडी घेता येते, तिची आई एकाच लुगड्यावर वर्ष काढायची. तिच्या तीनशेच्या साडीवर बोट ठेवण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. ती ती साडी नेसते, फाटेपर्यंत नेसते. तिच्यासाठी तो उपभोगच आहे. दुसरा आक्षेप, आपण घेणं थांबवलं तर शिवणाऱ्यांचा रोजगार जाईल. राणा प्लाझानंतर बांगलादेशातल्या कामगार संघटनांची मागणी माल घेऊ नका अशी नव्हती, इमारती सुरक्षित करा अशी होती. त्यातूनच मे २०१३ मध्ये कंपन्या आणि संघटनांमध्ये करार झाला. ज्या साडीवर विणणाऱ्याला चार पैसे जास्त सुटतात ती एक घ्यावी, पाच नकोत. हिशोबही तोट्याचा नाही. अठराशेची सुती साडी साठ वेळा नेसली तर एका वेळचे तीस रुपये. तीनशेची एकदा नेसली तर तीनशे.

दशलक्षण पर्वाला मंडळात यंदाही दहा दिवसांचे दहा रंग ठरवायचं चाललंय. आम्ही चाळीसेक जणी. सगळ्यांकडे सगळे रंग नसतात, तेव्हा कोणीतरी एकदम मागवते, स्वस्त पडतं. नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य, माझं काहीच नाही असं म्हणायचा दिवस, त्याचा रंग राणी ठरलाय. मी बैठकीत म्हटलं, घरात आहे तेच नेसू, आणि आर्यिका माताजींसमोर बसायचं आहे हे जरा आठवू. त्यांचं सगळं आयुष्य पांढऱ्या साडीत जातं. दोघी-तिघींना ते लागलं. एक म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण फोटो चांगले येतात." तिचंही खोटं नाही. रोजच्या रामरगाड्यात बायकांना सजून एकत्र बसण्याचे दिवस वर्षात दहा, तेही काढून घेणारी मी कोण? म्हणून मी एवढंच सुचवलं की रंग ठेवा, खरेदी काढा. ज्या रंगाची नाही ती शेजारणीकडून मागून आणायची. पूर्वी आपण लग्नाला दागिनेसुद्धा एकमेकींचे घालून जायचो, कोणाला कमीपणा वाटत नसे. निर्णय पुढच्या रविवारी आहे.

आणि मुलींना उपदेश करायच्या आधी आपण आपलं दिवाण उघडावं. माझी लेक म्हणते, "मम्मी, तुला माझे बारा टॉप दिसतात, तुझ्या सत्तर साड्या नाही." मोजल्या तर एकोणसत्तर निघाल्या.

मार्गशीर्षात पुतणीचं लग्न आहे. आहेरात साडी द्यायची नाही असं मी घरात मांडलंय. त्याऐवजी गाळण्यासाठी मीटरभर जाड सुती कापड, धुऊन, कडा शिवून, आणि पाकिटात रोख. कापड घरात रोज वापरलं जाईल आणि विरलं तर पोतेऱ्याला जाईल. दिरांना पटलं, कारण खर्च तेवढाच. पुतणी तर खूशच आहे. सासूबाई म्हणाल्या, "लोक म्हणतील, फडकं दिलं." दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच यादी घेऊन बसल्या आणि एकेक नाव वाचत गेल्या. एकशे दहा नावांपैकी एकशे तीन जणींना गाळणं चालेल असं त्यांचं मत पडलं. राहिलेल्या सात जणींना साडी द्यावीच लागेल, नाहीतर त्या जन्मभर बोलून दाखवतील. ती सात नावं कोणाची, हे त्या मलाही सांगत नाहीत. यादी त्यांच्या उशाखाली आहे.